कोपर

नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही सहा महिन्यांसाठी बंगळुरूला गेलो. लेकीला सांभाळायला आईही आली. नगरहून कर्नाटक एक्सप्रेसमध्ये बसताना तिच्या पिशवीत वर दोनच गोष्टी होत्या: शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि ना. वा. टिळकांची गीतं असलेलं 'उपासना संगीत'.

तिथल्या चर्चमध्ये आम्ही इंग्रजी उपासनेला जायचो. पहिल्याच रविवारी सगळे प्रभूची प्रार्थना म्हणू लागले आणि आईने ती मोठ्याने मराठीत म्हटली. पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून पाहिलं. मी तिला कोपराने ढोसलं.

पुढच्या रविवारी तिचे फक्त ओठ हलले. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "गुडघा दुखतोय गं, तुम्ही जा." परत आलो तर ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापत गात होती. गुडघ्याला काहीच झालं नव्हतं. जिने मला ती प्रार्थना शिकवली, तिलाच मी गप्प केलं होतं.

चौथ्या रविवारी तिला हट्टाने नेलं. प्रार्थना सुरू झाली, आई गप्पच. मग मीच मराठीत म्हणू लागले, मोठ्याने. अर्ध्यावर तिचा आवाज येऊन मिळाला.

या वेळी कोणी वळून पाहिलं का, ते मी बघितलंच नाही.