समोरासमोर दोन खुर्च्या

न्यूयॉर्कहून सुटलेली गाडी हडसनच्या काठाकाठानं वर जाते. साराटोगा स्प्रिंग्जला उतरलो आणि मोटारीनं माउंट मॅकग्रेगरचा चढ धरला. माथ्याजवळ, झाडीत, रुंद व्हरांड्याचं एक लाकडी घर आहे. युलिसिस ग्रँटचे अखेरचे पाचेक आठवडे इथे गेले.

आजवर ग्रँट पाहिला तो चित्रांतला, घोड्यावरचा. अमेरिकी यादवी युद्धात व्हिक्सबर्ग जिंकणारा. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याची शरणागती घेताना हरलेल्या सैनिकांना नांगरणीसाठी त्यांचे घोडे घरी नेऊ देणारा. पुढे १८६९ ते १८७७ राष्ट्राध्यक्ष.

इथल्या खोलीत मात्र दोन चामडी आरामखुर्च्या आहेत, समोरासमोर ठेवलेल्या. घशाचा कर्करोग इतका वाढला होता की आडवं झालं की जीव गुदमरायचा. म्हणून एका खुर्चीत बसून, दुसरीवर पाय टाकून तो रात्र काढायचा. घसा बधिर करण्यासाठी कोकेन मिसळलेलं पाणी दिलं जाई. ती बाटली अजून इथे आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ थांबलो.

मे १८८४ मध्ये भागीदारानं फसवलं, पेढी बुडाली, घर कफल्लक झालं. माजी राष्ट्राध्यक्षाला तेव्हा निवृत्तिवेतन नव्हतं. बायकोच्या, जूलियाच्या, पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून तो आठवणी लिहायला बसला. प्रकाशनाची जबाबदारी मार्क ट्वेननं घेतली. आवाज गेल्यावर ग्रँट पेन्सिलीनं चिठ्ठ्या लिहून बोलायचा, पण पुस्तक सोडलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर जूलियाला मिळालेला पहिलाच धनादेश दोन लाख डॉलरचा होता.

त्याच्या कारकिर्दीत भ्रष्टाचाराची प्रकरणं झाली, हे खरंच. पण मला १८५९ सालचा ग्रँट विसरता येत नाही. सेंट लुईसमध्ये तेव्हा सरपण विकूनही त्याचं भागत नव्हतं. विल्यम जोन्स हा त्याच्या मालकीचा गुलाम. विकला असता तर चांगले पैसे आले असते. ग्रँटनं त्याला मुक्त केलं. काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध १८७१ चा कायदा वापरणारा राष्ट्राध्यक्ष मला या कृतीतच दिसतो.

भिंतीलगतच्या घड्याळात आठ वाजून आठ मिनिटं झालेली. २३ जुलै १८८५ च्या सकाळी ग्रँट गेला, तेव्हा त्याच्या मुलानं, फ्रेडनं, ते थांबवलं.

बाहेर पडून कड्यापर्यंत चालत गेलो. मृत्यूच्या तीन दिवस आधी चाकाच्या खुर्चीतून त्याला इथवर आणलं होतं. खाली हडसनचं खोरं पसरलेलं. वारा गार होता. मी टोपी काढून हातात धरली.