आजोबांची मोटार

सिकंदराबादेस आमच्या अंगणात आजोबांची पेट्रोलवर चालणारी जुनी अँबॅसडर उभी असते. 1958 साली सुरू झालेले या मोटारींचे उत्पादन 2014 साली थांबले. तरी दर रविवारी राणीगंजच्या बाजारात सुटे भाग धुंडाळून ती दुरुस्त करणे हा आम्हां भावंडांचा छंद होय.

गेल्या पावसाळ्यात ती काळा धूर सोडू लागली. आजोबांनी स्पार्क प्लग काढावयास सांगितला. तो काजळीने माखला होता. ते म्हणाले, "हिला अजीर्ण झाले आहे!" एक भाग पेट्रोल जळण्यास वजनाने सुमारे 15 भाग हवा लागते, येथे पेट्रोल जास्त, हवा कमी. आम्ही एअर फिल्टर बदलला, कार्बुरेटर साफ करून मिश्रण बेताचे केले. पुढल्या रविवारी प्लग तपकिरी निघाला, तेव्हा आम्हांस कोण आनंद झाला!

पण आम्ही मनात खजील झालो. आजोबांना मधुमेह, तरी बाजारातून येताना त्यांच्यासाठी चोरून जिलेबी आणणारे आम्हीच होतो. उरलेली खाऊन आमचा मोत्या कुत्राही लठ्ठ झाला होता.

आता आमच्या पुडीत केवळ सुटे भाग असतात. मोत्या ती हुंगून परत जातो. आजोबा थोडे रुसतात, आणि मग पाना मागतात.