न लावलेली झाडं मोजा



चांगला पाऊस होऊन पंधरा-वीस दिवस झाले की मी बांधानं एक चक्कर मारतो आणि न लावता उगवलेली रोपं मोजतो. यंदा लिंब सगळ्यात जास्त, मग बोर, मग घाणेरी. बाभळीच्या बुडाशी चंदनाची चार रोपं, विहिरीच्या कड्यात पिंपळ. यातलं एकही बी माणसानं टाकलेलं नाही.

बुलबुल आणि कोकीळ चंदनाचं फळ गिळतात, बाभळीवर बसतात, बी खाली पडतं. चंदनाच्या मुळाला दुसऱ्या झाडाच्या मुळाचा आधार लागतोच, तो तिथं आयता मिळतो. बोराचं बी कोल्ह्याच्या विष्ठेतून येतं. फळखाऊ वटवाघळं निंबोळी लांब नेऊन चोखतात आणि बी टाकून देतात.

जुन्या मोसंबीच्या खड्ड्यात परत मोसंबी लावली की काय होतं, हे आपल्या अंबडकरांना सांगायला नको. जुनी डिंक्याची बुरशी मातीत टपलेलीच असते. जंगलातही तसंच. डॅनियल जॅन्झेन (1970) आणि जोसेफ कॉनेल (1971) यांनी हेच मांडलं, की आईच्या झाडाजवळ तिचे कीड-रोग जमलेले असतात, म्हणून लांब गेलेल्या बीला जगायची संधी जास्त. उष्ण प्रदेशातल्या जंगलात निम्म्याहून जास्त जातींच्या झाडांचं बी लांब नेण्याचं काम फळं खाणारे पशुपक्षीच करतात. ते संपले तरी झाडं उभी राहतात, जंगल हिरवं दिसतं, पण पुढची पिढी येत नाही. केंट रेडफर्ड यांनी 1992 मध्ये अशा जंगलाला 'रिकामं जंगल' म्हटलं.

म्हणून नुसती हिरवळ बघू नका. कोणतं रोप कुठं उगवलंय ते बघा. बुलबुलाची चोच लहान, तो बारीकच बी नेणार. घाणेरीही तोच पसरवतो. मोठ्या बीला मोठं तोंड लागतं. कोकणात रानजायफळाचं बी धनेश नेतो. आमच्या ओढ्याला जांभळाची रोपं आहेत, पण सगळी आईच्याच सावलीत. पलीकडच्या बांधावर एकही नाही. उदमांजर मला पाच वर्षांत दिसलेलं नाही. मला तरी या दोन गोष्टी एकच वाटतात.

आता मुद्द्याचं. आमच्या सामाईक बांधावर जुना उंबर आहे. जेसीबी लावून बांध साफ करायचा विषय निघालाय. सावलीनं कापसाची दोन तासं बसतात, हे शेजारच्या काकांचं म्हणणं खरंच आहे. पण उंबर वर्षातून अनेकदा फळतो. उन्हाळ्यात दुसरं काही नसतं तेव्हा तांबट, कोकीळ, वटवाघळं त्याच्यावरच जगतात. तो गेला की बी आणणारे येणार कशाला? मी काकांना म्हणलं, ती दोन तासं माझ्या बाजूनं धरा, तिथं मी चाऱ्याचं गवत लावतो. ते अजून 'हो' म्हणलेले नाहीत.

वटवाघळांचंही तसंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच काढली. आपल्या डोक्यातून कधी निघणार?

या आठवड्यात बांधावर जा. रोप कशाचं आणि आईपासून किती पावलांवर, एवढं वहीत लिहा. पुढच्या पावसाळ्यात परत मोजा.