उंदीर माणूस नाही, हे खरंच आहे

गंगापूरला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असताना माझं एक मत पक्कं होतं आणि वर्गात मी ते ठासून सांगायचो: उंदराचं जनुक बंद पाडून माणसाचा आजार कळत नाही. अभ्यासक्रमातून बेडकाचं विच्छेदन गेलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांचीही सुटका व्हावी, अशी माझी इच्छा होती.

त्यामागे नुसती भूतदया नव्हती, दाखले होते. नेमकं एक जनुक हेरून बंद केलेले ‘नॉकआऊट’ उंदीर 1989 मध्ये पहिल्यांदा तयार झाले. त्या कामासाठी कापेची, इव्हान्स आणि स्मिथीज यांना 2007 चं नोबेल मिळालं. तंत्र देखणं आहे, हे मी तेव्हाही मान्य करायचो. तपकिरी जातीच्या उंदराच्या मूळपेशीत जनुक बिघडवायचं, त्या पेशी काळ्या उंदराच्या कोवळ्या भ्रूणात सोडायच्या. जन्मणाऱ्या पिल्लाच्या काळ्या अंगावर तपकिरी पट्टे दिसले की समजायचं, पेशी रुजल्या. पुढच्या पिढ्यांत मग ते जनुक मुळीच नसलेला उंदीर मिळतो.

पण निष्पन्न काय झालं? सिस्टिक फायब्रोसिसमध्ये माणसाची फुप्फुसं चिकट कफाने भरतात. 1992 मध्ये तेच जनुक उंदरात बंद केलं, तर फुप्फुसं बरीचशी धड राहिली आणि पिल्लं दगावली ती आतडी तुंबून. लेश-नायहन आजारात मुलं स्वतःचे ओठ, बोटं चावतात. ते जनुक नसलेला उंदीर तसलं काहीच करत नाही. उंदीर माणूस नाही, मग कशाला हा खटाटोप, असं मी विचारायचो.

हे मत बदलायला लागलं ते सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे. नंदुरबारकडचा एक विद्यार्थी आमच्याकडे शिकायला होता. थंडी पडली की त्याचे सांधे असे दुखायचे की पोरगा पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचा. त्याच्या आश्रमशाळेत झालेली चाचणी त्याने मला समजावून सांगितली होती. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळीच्या मागे रेघांचा कागद धरतात. “सर, माझ्या नळीतून रेघा दिसल्याच नाहीत,” तो म्हणाला. नंदुरबार आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या कितीतरी घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्यासाठी काय चाललंय हे शोधायला म्हणून मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता पुन्हा उंदरापाशीच येऊन पोहोचलो.

उंदराला सिकलसेल होत नाही. म्हणून 1997 मध्ये त्याची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुकं बंद करून माणसाची, विळ्याच्या आकाराच्या पेशी बनवणारी जनुकं त्याच्यात घातली गेली. दुसरीकडे डॉक्टरांना एक गोष्ट 1948 पासून ठाऊक होती: या आजाराचं तान्हं बाळ पहिले काही महिने बरं असतं, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं. ते पुढे कोण बंद करतं? ‘बीसीएल11ए’ नावाच्या जनुकावर संशय आला. ते उंदरात पूर्णपणे काढून टाकलं, तर पिल्लं जन्मल्याबरोबर मरतात. मग ते फक्त लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींतच बंद करून पाहिलं. 2011 मध्ये सिकलसेलच्या उंदरांवर हे केलं, तेव्हा गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागलं आणि आजार ओसरला. रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून, या जनुकाचा फक्त लाल रक्तपेशींपुरता खटका कापणारा उपचार 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्य केला.

जनुक सरसकट काढायचं नाही, फक्त हव्या त्याच पेशींत काढायचं, ही सावधगिरी त्या मेलेल्या पिल्लांनी शिकवली. उंदीर आणि माणूस यांतला जो फरक मी आक्षेप म्हणून पुढे करायचो, तोच इथे कामाला आला. उंदीर आपली हुबेहूब नक्कल आहे, असं या संशोधकांनी गृहीत धरलंच नव्हतं.

उपचाराची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर आहे आणि त्याआधी जबर केमोथेरपी सोसावी लागते. नंदुरबारकडच्या कुटुंबाला हे आज कुठून परवडणार? मला याचा संताप येतो. पण तो राग उंदरावरच्या प्रयोगावर काढणं आता मला पटत नाही. आणि उसाच्या फडात झिंक फॉस्फाइडचं आमिष ठेवून मारलेल्या उंदरांबद्दल मी कधी चकार शब्द काढला नव्हता, हेही मला विसरता येत नाही.

एका बाबतीत मात्र मी जुन्याच जागी ठाम आहे: उंदीर विनाकारण मरू नयेत. 1998 मध्ये स्नायूंतलं मायोग्लोबिन नसलेले उंदीर जन्मले आणि धडधाकट जगले. कुणी कल्पनाही केली नव्हती. ते छापून आलं म्हणून जगाला कळलं. ‘काहीच झालं नाही’ असा निकाल कपाटात पडून राहिला, तर दुसरी प्रयोगशाळा तोच उंदीर पुन्हा घडवते, पुन्हा मारते. उंदरांच्या जनुकांची तपासणी करणारा आंतरराष्ट्रीय गट आपली माहिती सर्वांसाठी खुली ठेवतो. पुण्यात, खारघरला, जिथे जिथे सरकारी पैशातून प्राणीगृहं चालतात, तिथल्या फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही तशाच खुल्या झाल्या पाहिजेत.