पावडरीचा वास

वास डोळ्यांना दिसत नाही, पण न बोलता बरंच काही सांगून जातो. कोपरखैरण्याला लागून असलेलं आमचं बोनकोडे गाव आज चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेलं आहे. तरी गावात शिरलं की कोणाकडे बोंबील भाजतायत, कोणाकडे धूप घातलाय, हे न विचारता कळतं. या वासांमधला एक वास मात्र आता कमी होत चालला आहे. तो म्हणजे पावडरीचा.

माझ्या आजीच्या कपाटात पावडरीचा गोल डबा असायचा. आत मऊ पफ. संध्याकाळी दिवा लावण्याआधी ती तोंड धुवायची आणि गालांवर, मानेवर हलकेच पावडर थोपटायची. लग्नकार्य असलं की कानात हिना अत्तराचा फाया. आजी खोलीत येण्याआधी तिचा वास यायचा.

एकदा हळदीला निघताना माझा चुलतभाऊ सहज म्हणाला, "आजी, काय गं हा जुनाट वास!" सगळे हसले. आजीही हसली. पण त्या दिवसापासून तिने तो डबा उघडला नाही. विचारलं तर म्हणायची, "राहू दे रे, आता कोणासाठी लावायची?"

पुढे त्याच चुलतभावाला मुलगी झाली. अंघोळ झाली की बाळाला वेखंड लावायचं, वर थोडी पावडर. हा तिच्या मानेशी नाक नेऊन म्हणायचा, "किती गोड वास येतो!" आजी शांतपणे म्हणाली, "म्हणजे वास जुना नव्हता. मी जुनी होते."

मला त्या वाक्याने विचारात पाडलं. खरंच, हा वास एके काळी नवलाईचा होता. आयरिस नावाच्या फुलझाडाचे कंद सोलून काही वर्षं वाळवले की त्यांना असा मऊ, भुकटीसारखा वास सुटतो. 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या रसायनशास्त्रज्ञांनी त्या वासाचा शोध घेता घेता आयोनोन हे द्रव्य तयार केलं. मग असे सुगंध स्वस्त झाले. 1925 साली पॅरिसमध्ये आलेलं 'शालिमार' हे अत्तर याच पावडरी, व्हॅनिलाच्या वळणाचं. त्याचं नाव आपल्याकडच्या मुघल बागेवरून ठेवलेलं! तेव्हा ती सर्वांत नवी फॅशन होती. त्या काळच्या तरुणी आज्या झाल्या आणि लोक त्या वासालाच म्हातारा म्हणू लागले.

याला कारण आहे. नाकाकडून येणारा संदेश मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचतो. म्हणून वासाबरोबर माणूस आठवतो, आणि आपण नाक मुरडतो ते पुष्कळदा वासाला नव्हे, वयाला.

उग्र वासाने कोणाचं डोकं दुखत असेल, तर तसं नीट सांगावं. लावणाऱ्यानेही बेताने लावावं. तान्ह्या बाळांना पावडर लावू नये, असं आता डॉक्टरही सांगतात, कारण ती श्वासातून आत जाते. पण हसण्यावारी उच्चारलेला 'जुनाट' हा शब्द एखाद्याची संध्याकाळची छोटीशी हौस कायमची बंद करू शकतो. आपल्या घरातही असा एखादा डबा असेल. तो उघडा राहील, एवढं तरी आपण नक्की बघावं.