घोटाई

मराठीतल्या 'घोटणे' या एका क्रियापदाच्या पोटात किती क्रिया सामावल्या आहेत, हे मुद्दाम मोजायला बसल्याशिवाय लक्षात येत नाही. अक्षर घोटतात, पाढे घोटतात, स्वर घोटतात. शिजलेले वरण घोटतात. गवंडी गिलावा घोटतो, सुतार लाकूड घोटतो, आणि गळाही घोटला जातो. एकच कृती त्याच जागी, दाब देऊन, पुन्हा पुन्हा करीत राहणे हा या साऱ्यांतला समान धागा आहे. ती कुठे थांबवायची, यावर मात्र अक्षर वळणदार होणार की जीव जाणार हे ठरते. हा अर्थविस्तार मी वर्गात अनेकदा समजावून दिला आहे. गेल्या हिवाळ्यात तो हाताने समजून घेण्याचा योग आला. निमित्त होते स्नूकरच्या एका जुन्या क्यूचे.

क्यू माझ्या मामांची. मामा जबलपूरला रेल्वेत होते आणि तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी खेळत. ज्या शहरात ते खेळत होते त्याच शहरात हा खेळ जन्माला आला, याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीतील मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर आधीच्या खेळांतील लाल आणि काळ्या चेंडूंच्या जोडीला आणखी रंगीत चेंडू मांडले, आणि त्यातून स्नूकर निघाले, असे खेळाच्या इतिहासात सांगतात. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले ते काही वर्षांनी. मामांचे दैवत मात्र चेंबरलेन नव्हता. ते होते पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, ज्यांनी १९५८ साली कलकत्त्यात आणि पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले. मामांच्या बोलण्यात 'जोन्ससाहेब' हे नाव आले की आम्हा भाच्यांना पुढचा अर्धा तास कुठेही जाता येत नसे.

आता मामा ऐंशीच्या घरात आहेत आणि दृष्टी अधू झाल्यामुळे खेळणे सुटले आहे. त्यांची नात पुण्यात शिकायला आली आणि तिला या खेळाचा नाद लागला. नात्याने ती माझी भाची. अशा रीतीने एका मामाची क्यू दुसऱ्या मामाच्या घरी आली. भाचीची तक्रार एवढीच होती, की ही हातात सरकत नाही, चिकटते. कुणीतरी कधीतरी तिच्यावर चकचकीत व्हार्निश चढवले होते. ते जागोजागी पिवळे पडून तडकले होते आणि घामेजल्या हाताला धरून ठेवत होते. बाजारात देऊन टाकण्याऐवजी आपण घरीच ती घासून तेल द्यावे, असे मी ठरवले.

क्यू ही वरवर पाहता एक काठी. खेळाचे नियमही तिच्याबद्दल फार बोलत नाहीत. लांबी तीन फुटांहून कमी नसावी, आणि रूढ निमुळता आकार बदललेला नसावा, एवढीच त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात ती सत्तावन्न-अठ्ठावन्न इंच लांब आणि साधारण अर्धा किलो वजनाची असते. पुढचा मोठा भाग अ‍ॅशच्या फिकट लाकडाचा, मुठीकडचा भाग आबनुसाचा. आबनुसाची चार निमुळती पाती अ‍ॅशमध्ये वर चढत गेलेली असतात. हा आबनूस आपल्याला वाटतो तितका परका नाही. ज्याच्या पानांत विडी वळली जाते तो तेंदू त्याच्याच कुळातला. अ‍ॅश मात्र आपल्याकडचा नव्हे. लांब, सरळ तंतूंचे, लवचीक आणि तरी चिवट असे हे लाकूड. युरोपात एका बुरशीने आणि उत्तर अमेरिकेत एका हिरव्या भुंग्याने गेल्या काही दशकांत या झाडांचा फडशा चालवला आहे. चांगल्या जुन्या अ‍ॅशचा तुकडा हाती आला तर त्यातले एक साल वाया घालवण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे हे दिवस आहेत.

अ‍ॅशची खरी शोभा त्याच्या रेघांत आहे. लाकूड विशिष्ट तऱ्हेने कापले की वाढीच्या वलयांचे काप एकापुढे एक बाणांसारखे उमटतात. खेळाडू क्यू हातात घेताना हे बाण दर वेळी एकाच बाजूला, बहुधा वर, आणतो. काठी गोल असली तरी तिला असा एक माथा असतो, आणि हाताला तो ठाऊक असतो.

मामांच्या क्यूवर या बाणांखेरीज आणखी एक खूण होती. टोकापासून वीतभर मागे सुरू होऊन हातभर लांब गेलेला एक काळपट पट्टा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या खोबणीतून जो भाग तीस वर्षे मागेपुढे सरकला, तो हा. व्हार्निश तिथे केव्हाच झिजून गेले होते आणि घाम व चॉक लाकडात जिरले होते. (हा चॉक म्हणजे आपला वर्गातला खडू नव्हे. सिलिकासारख्या कठीण पदार्थांची ती बारीक भुकटी असते. आपला खडू फळ्यावर झिजतो, तर हा चामड्याच्या टिपेला चेंडूवर घसरू देत नाही.) तो पट्टा पाहून मी थबकलो. साहित्याच्या माणसाला अशा खुणांचा मोह असतो. एखाद्या कवीच्या हस्तलिखितातली खाडाखोड, समासातला शाईचा डाग यांवर आपण व्याख्याने देतो. मी ठरवले, की बाकी क्यू घासायची, पण हा पट्टा तसाच ठेवायचा.

हे मामांना फोनवर सांगितले.

"मामा, तुमच्या हाताची खूण आहे ती. तीस वर्षांची."

"अरे, ते काळं म्हणजे मी नव्हे," मामा म्हणाले. "घाम आणि चॉक आहे तो. मी इकडे आहे, जबलपूरला."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "पोरीच्या हाताला चिकटतंय ना? मग घास. खेळायची चीज आहे ती. फक्त बारीक करू नकोस."

त्या शेवटच्या वाक्यात या कामाची सगळी अवघड बाजू आली होती. टोकाशी क्यूचा व्यास साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतो. गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, हे शास्त्र विभागातील एका सहकाऱ्याने मला कागदावर मांडून दाखवले. साडेनऊचे नऊ पूर्णांक तीन दशांश झाले, म्हणजे डोळ्याला न दिसणारे दोन दशांश मिलिमीटर गेले, तरी त्या जागचा ताठपणा सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. क्यू दिसते तशीच, पण चेंडूवरचा तिचा आघात बदलतो. स्टीफन हेंड्रीने आपली सातही जागतिक विजेतेपदे एकाच क्यूने जिंकली आणि २००३ साली विमानप्रवासात ती मोडली. नवी क्यू त्याला सहज मिळण्यासारखी होती. हाताला ठाऊक झालेले माप मात्र असे मागून मिळत नाही.

म्हणून आधी मोजमाप. कॅलिपरने पाच ठिकाणचा व्यास घेऊन कागदावर टिपला. मग टिपेखालचे पितळी टोपण चिकटपट्टीने झाकले, कारण पितळेचा कीस अ‍ॅशच्या उघड्या छिद्रांत गेला की राखाडी डाग पडतो आणि तो काढायला पुन्हा लाकूडच घासावे लागते. आबनुसाची काळी धूळही तशीच, म्हणून फडके नेहमी फिकट लाकडाकडून काळ्याकडे फिरवायचे. व्हार्निशला ३२० नंबरचा पॉलिश पेपर लावला, तोही हलक्या हाताने आणि केवळ व्हार्निश सुटेपर्यंत. खाली लाकूड दिसू लागले की ४००, मग ६००, ८००, १२००. घासायचे नेहमी तंतूंच्या दिशेने, लांबीत. आडवा हात फिरला की ओरखडे राहतात. टोकाकडे जाताना दाब कमी करीत जायचे. मधे एकदा ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने दांडी पुसली. ओलाव्याने दबलेले तंतू उभे राहतात. ते वाळू देऊन पुन्हा ६०० ने खाली बसवले, की खेळताना हाताच्या घामाने ते परत उठत नाहीत. दर टप्प्यावर कॅलिपर लावून पाहायचे.

या कामात लक्षात येते, की थांबण्याची जागा कागदाच्या नंबरांत लिहिलेली नसते. दोन हात आणखी मारले तर आणखी गुळगुळीत होईल, असे प्रत्येक क्षणी वाटते आणि ते खरेही असते. संपादनाचे कामही असेच. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न असणार. लेखकांच्या हातून पाठात शिरलेले काढायचे, पण ज्ञानदेवांचे एक अक्षर जाऊ द्यायचे नाही. स्वतः कवी असलेल्या माणसाला आपल्या रुचीप्रमाणे आणखी दोन हात मारण्याचा मोह किती झाला असेल! शुद्ध केलेल्या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी बजावून ठेवले. आपण वर्गात कविता शिकवतो, तेव्हा टीकेचे जुने, पिवळे पडलेले व्हार्निश काढणे आवश्यकच असते. अर्थ सुबोध करण्याच्या भरात मूळ कवितेचा ताठपणा आपण किती दशांशांनी उतरवतो, हे मोजायला मात्र कॅलिपर नाही.

शेवटी तेल. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड मिळते, म्हणजे आपले जवसाचे तेल, लवकर सुकावे म्हणून प्रक्रिया केलेले. चार थेंब सुती फडक्यावर घेऊन दांडीभर चोळायचे, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढायचे आणि एक दिवस थांबायचे. असे चार वेळा. घाईने थर जाड दिला तर तेल सुकत नाही, चिकट राहते, आणि आपण जिथून निघालो तिथेच येऊन पोचतो. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावत सुकते, त्यात उष्णता निघते, आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

दुसऱ्या दिवशी तेल मुरल्यावर क्यू उजेडात धरली. काळपट पट्टा गेला होता. पण अ‍ॅशची छिद्रे खोल असतात. पृष्ठभागावरची काळिमा कागदाबरोबर निघाली, तरी छिद्रांत उतरलेली तशीच राहिली होती. त्यामुळे त्या हातभर जागेतले बाण बाकीच्या दांडीपेक्षा ठळक, जणू शाईने ओढल्यासारखे दिसत होते. क्यू बनवणारे कारागीर बाण उठून दिसावेत म्हणून अ‍ॅशच्या रेघांत मुद्दाम काळे भरण घालतात. ते काम इथे मामांच्या घामाने आणि चॉकने करून ठेवले होते.

भाचीने ती नेली. आठ दिवसांनी तिने आजोबांना फोन केला, तेव्हा मी तिथेच होतो. रंग कसा आला, पट्टा गेला का, हे त्यांनी विचारले नाही. "सरळ आहे ना?" एवढेच विचारले, आणि भिंतीला टेकवून ठेवू नकोस, वाकते, असे सांगितले. टोकाशी व्यास चार शतांश मिलिमीटरने कमी झाला होता. तो आकडा, आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या मापांसह तारीख घालून, मी एका कागदावर लिहिला आणि क्यूच्या पेटीत ठेवला. पुढे कधीतरी कुणीतरी ती पुन्हा घोटायला घेईल. किती लाकूड शिल्लक आहे, हे त्याला ठाऊक असलेले बरे.