मोगलाईतली वेठ

दर वर्षी सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मला कुठे ना कुठे बोलायला बोलावतात. सकाळी औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन होतं आणि मग शहरभर शाळा-महाविद्यालयांतून व्याख्यानं सुरू होतात. इतिहास शिकवण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे हे काम माझ्याकडे ओघानंच आलं. वर्षानुवर्षं मी एकच कथा सांगितली. निजाम मीर उस्मान अली खान याला गादी सोडवेना, त्यानं जून १९४७ मध्ये हिंदुस्थानात किंवा पाकिस्तानात सामील न होण्याचं फर्मान काढलं, लातूरचा वकील कासीम रझवी रझाकार घेऊन उठला, जनतेनं स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभं राहून झुंज दिली, आणि सरदार पटेलांनी १३ सप्टेंबर १९४८ ला फौज पाठवून पाच दिवसांत निकाल लावला. यातला एकही तपशील खोटा नाही. तरीही आज मी हैदराबादच्या वेगळं राहण्याची आणि त्या लढाईची कारणं अशी सांगत नाही. ती कथा राजाच्या हट्टाची आणि धर्मवेडाची होती. आता मला वाटतं की तिच्या मुळाशी जमीन आणि वेठ होती, आणि हे न सांगता सतरा सप्टेंबर साजरा करणं म्हणजे अर्ध्या मराठवाड्याचा इतिहास गाळून टाकणं आहे.

हे मत बदलायला सुरुवात झाली ती महात्मा फुल्यांमुळे. ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघालं. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी ते अर्पण केलं आहे, हे आपण सगळेच सांगतो. वर्गात ती अर्पणपत्रिका शिकवताना मी एकदा अमेरिकेच्या यादवीचा इतिहास नीट वाचायला घेतला. साउथ कॅरोलायना हे राज्य डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून बाहेर पडलं. नंतरच्या काळात दक्षिणेतल्या लोकांनी ही लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती असं पुष्कळ सांगितलं. पण त्या राज्यानं फुटताना स्वतः काढलेला जाहीरनामा वाचला तर त्यातली मुख्य तक्रार अशी की, आमचे पळालेले गुलाम उत्तरेकडची राज्यं आम्हाला परत करत नाहीत. दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता, आणि तरी त्यांची पोरं गुलामांच्या मालकांसाठी मेली. कारण कितीही दरिद्री असलास तरी तू काळ्यापेक्षा वरचा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं. आणि जिथे डोंगराळ मुलूख होता, मोठे मळे नव्हते, तिथल्या लोकांना फुटायचंच नव्हतं. व्हर्जिनियाचा पश्चिम भाग तर व्हर्जिनियापासूनच वेगळा झाला आणि १८६३ मध्ये संघराज्यात त्याचं निराळं राज्य झालं.

हे वाचल्यावर मला माझ्याच मुलखाबद्दल एक साधा प्रश्न पडला, जो मी कधी विचारलाच नव्हता. हैदराबाद स्वतंत्र राहणं कुणाच्या फायद्याचं होतं?

संस्थान केवढं होतं ते आधी पाहा. सोळा जिल्हे, सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैल. तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कर्नाटकाचे तीन. लोक तेलुगू, मराठी, कानडी बोलणारे आणि कचेरी, न्यायालय, विद्यापीठ सगळं उर्दूत. जमिनीचा जवळपास एक दशांश भाग सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. आणखी साधारण तीस टक्के मुलूख जहागिरींत. जहागिरीच्या गावात सरकार म्हणजे जहागीरदार. सारा त्याचा, शिपाई त्याचा, बहुतेक वेळा निवाडाही त्याचाच. खालसा गावांत देशमुख, देशपांडे, पाटील, सावकार. तेलंगणात ‘वेट्टी’ नावाची वेठ होती आणि कर्जापायी पिढीजात राबणारे ‘भगेला’ होते. आपल्याकडे तिचं रूप जरा निराळं. अंमलदाराचा दौरा आला की गाडी-बैल, चारा, कोंबडी, लाकूडफाटा आणि माणसं फुकट. महारवाड्यातल्या माणसानं ओझं डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं. वाड्यावर सालगडी. सालाची बोली पाडव्याला व्हायची, पण आधीची उचल फिटलेली नसायची, त्यामुळे बोली करायला तो मोकळाच नसायचा. बाप गेला की वहीत मुलाचं नाव चढायचं.

ही वही आमच्या घरात होती. आमचं गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. आमच्याकडे नदीला गंगाच म्हणतात. त्या काळी गंगेपलीकडचा नेवासा तालुका म्हणजे इंग्रजी मुलूख आणि अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. रझाकारीच्या दिवसांत आजोबा घरच्या बायकापोरांना घेऊन पलीकडे नातेवाइकांकडे गेले. ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो आणि भाषणांतही सांगत आलो. आमच्या गैरहजेरीत वाडा, जनावरं आणि ज्वारीची पेवं कुणी राखली, हे मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. सालगडी आणि त्याची बायको राखत होते. त्यांनाही रझाकारांची भीती होतीच. पण त्यांना पलीकडे नातेवाईक नव्हते आणि कर्ज अलीकडे होतं. पोलीस ॲक्शन झाली, आजोबा परत आले, गावात झेंडा लागला आणि पुढच्या पाडव्याला वही पुन्हा उघडली. त्या सालगड्याच्या घरातली एक वृद्ध बाई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्यात राग नव्हता. ॲक्शननं आमचं काय बदललं, एवढंच तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजोबा वाईट माणूस नव्हते. आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांच्याच घरी वही होती.

मग मी सगळं पुन्हा वाचायला बसलो, आणि माझ्या भाषणात ‘हिंदू जनता’ म्हणून जो एकजीव समाज होता तो विरघळत गेला. तेलंगणातले देशमुख बहुतांशी हिंदू. विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या या शेतकरी कार्यकर्त्याला गोळी घालून मारलं आणि तिथून तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यानं पेट घेतला. पालकुर्तीची परटीण ऐलम्मा आपल्या शेतातलं पीक याच देशमुखाच्या तावडीतून वाचवायला उभी राहिली होती. पुढे अनेक ठिकाणी निजामाचे पोलीस आणि रझाकार गढ्यांच्या संरक्षणाला उभे राहिलेले दिसतात, आणि त्या गढ्यांत राहणारे हिंदूच होते. संस्थान संघराज्यात गेलं, तिथे प्रौढ मताधिकार आला, कूळकायदे आले, तर कुणाचं काय जाणार होतं हे जहागीरदारांना आणि मोठ्या देशमुखांना उमगलेलं होतं.

दुसऱ्या बाजूला सामान्य मुसलमान. संस्थानात आठ माणसांत साधारण एक मुसलमान, आणि त्यातला फार मोठा भाग कारागीर, शिपाई, टांगेवाले, भूमिहीन. औरंगाबादेत हिमरूच्या मागावर दिवसभर पाय चालवणाऱ्या माणसाकडे जहागीर कुठून असणार? त्याला मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेनं ‘अनल मलिक’ हा विचार दिला. निजाम हा केवळ प्रतीक आहे, खरी सत्ता मुसलमान समाजाची आहे, म्हणून तूही राजा. पोटाला भाकरी न देता राजेपण देण्याची ही युक्ती मी अमेरिकेच्या दक्षिणेत वाचली होती, आणि ती माझ्या शहरात ओळखायला मला इतका उशीर लागला याचं मला फार वाईट वाटतं. रझाकारांचे अत्याचार खरे होते. मे १९४८ मधलं बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड खरं आहे. निजामाला भारतात सामील होण्याचा आग्रह करणाऱ्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला ऑगस्टमध्ये भर रस्त्यात मारलं हेही खरं आहे. पण या अत्याचारांना मनुष्यबळ कुठून मिळालं, हे त्या राजेपणाच्या आमिषाशिवाय कळत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते बी. श्यामसुंदर यांच्याबद्दल विचार करणं. दलित पुढारी, जन्म १९०८ चा, आणि तोही आमच्या औरंगाबादेतला. हा माणूस निजामाच्या बाजूनं उभा राहिला, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची फिर्याद घेऊन संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळात होता. बी. एस. व्यंकटराव हे दुसरे दलित पुढारी तर निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळात मंत्रीच होते. माझ्या भाषणात ही दोन्ही नावं नसायची. खासगीत कुणी काढली तर मी ‘फितूर’ म्हणून विषय संपवायचो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच हैदराबादच्या दलितांना बजावलं होतं की निजामाच्या नादी लागू नका, तो भारताचा शत्रू आहे. बाबासाहेबांचा निर्णय बरोबर होता असं मी आजही मानतो. पण श्यामसुंदर जो प्रश्न विचारत होते तो फितुरीचा नव्हता. निजाम गेल्यावर गावात सत्ता कुणाची येणार, देशमुख-पाटलांचीच ना, असा तो प्रश्न होता. निजामानं दलितांच्या शिक्षणासाठी एक कोटीचा निधी काढला तो प्रेमापोटी नाही, संख्याबळासाठी काढला. त्याच निधीतून पुढे बाबासाहेबांनी कर्ज मिळवलं आणि नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. १९५० साली तिथले वर्ग सुरू झाले. मराठवाड्यातल्या वेठीला पहिला खरा तडा तिथे गेला असं मला वाटतं. फौजेच्या पाच दिवसांत तो गेला नव्हता.

आणि त्या पाच दिवसांनंतर काय झालं? माझं भाषण सतरा तारखेला संपायचं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी त्यानंतर संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. मेले ते बहुतेक साधे मुसलमान. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाला. जहागिरी ऑगस्ट १९४९ मध्ये बरखास्त झाल्या, ते मोठंच काम झालं, पण जहागीरदारांना त्याचा मोबदला मिळाला. तेलंगणात जमिनी वाटून घेतलेल्या शेतकऱ्यांशी भारतीय फौज १९५१ पर्यंत लढत राहिली. अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवलेला होता हे खरं. पण गावागावांत हे ठाऊक होतं, आणि आम्ही विचारलं नाही.

यापुढची पायरी माझ्या आयुष्यातली आहे. संस्थानाची १९५६ मध्ये त्रिभागणी झाली आणि मराठवाडा विनाअट द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मग अनुशेष, रेल्वे, पाणी, नोकऱ्या. हे अन्याय खरे आहेत आणि मी अजूनही त्यांवर भांडतो. पण २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला तेव्हा मी विरोधात होतो. मुक्तिलढ्यातली फार मोठी माणसं विरोधात होती, आणि मराठवाडा हे नाव आमच्या लढ्यातून आलेलं आहे, हा त्यांचा युक्तिवाद मला पटला होता. त्यानंतरच्या दिवसांत खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळली, विहिरी नासवल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. मी हिंसेचा निषेध केला आणि विरोध तसाच ठेवला. दोन्ही एकाच वेळी करता येतं असं मला तेव्हा वाटत होतं. आता दिसतं की जाळपोळ करणारे आणि मी एकाच गोष्टीची राखण करत होतो. प्रदेशाचं नाव पुढे करायचं आणि त्याआड गावातली जुनी उतरंड सांभाळायची. निजामाच्या दरबारानं ‘हैदराबादची अस्मिता’ म्हणून हेच केलं होतं, साउथ कॅरोलायनानं ‘राज्याचे हक्क’ म्हणून हेच. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या दिवशी मी घरी बसून होतो. आज मला विद्यापीठाच्या कमानीखालून जाताना वाटतं की तिथे त्या दिवशी उभं राहायला हवं होतं.

माझ्यापेक्षा वयानं मोठे असलेले एक स्वातंत्र्यसैनिकांच्या घरातले स्नेही मला म्हणतात, सर, तुम्ही हुतात्म्यांचा त्याग लहान करता आहात. मला ते मान्य नाही. सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहून ज्यांनी नाके फोडले, जे निजामाच्या तुरुंगात सडले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना जमीनदारीही संपवायची होती. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे डावे सहकारी हे तेव्हा उघड बोलत होते. त्यांचं अर्धं मागणं आपण विसरलो आणि अर्ध्याला तोरण बांधलं. नामांतराबाबत मी पुढे गोविंदभाईंशी मनातून भांडलो, तरी हे श्रेय त्यांचंच आहे.

वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात १९७६ साली झाला. आमच्या बीड जिल्ह्यातून मात्र दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची कुटुंबं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर तीच बाकी पुढच्या वर्षाला लागते. या सतरा सप्टेंबरला मी ज्या महाविद्यालयात बोलणार आहे, तिथल्या वसतिगृहातली बरीच मुलं याच घरांतली आहेत. त्यांचे आईबाप तेव्हा निघण्याच्या तयारीत असतील. रझवी, फर्मान आणि पाच दिवस यांवर मी दहा मिनिटं बोलेन. उरलेला वेळ आजोबांच्या वहीवर आणि मुकादमाच्या उचलीवर बोलेन, आणि मग त्यांच्या घरची बाकी किती आहे हे त्यांनाच विचारेन.